‘ब्लू-रे संपली’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. सांगणं असं: सोनीनं ब्लू-रे (डीव्हीडीच्या पुढची, जास्त स्पष्ट चित्राची डिस्क) बंद केली, जुने सिनेमे ओटीटीवर आहेतच, चित्रही तसंच दिसतं, डिस्क दहा वर्षांत खराब होतात, तेव्हा कपाटातली अडगळ काढा. मी कित्येक वर्षं डिस्क जमवतोय, आणि हा मेसेज वाचून कुणी खरंच आपला संग्रह रद्दीत घालेल याची मला काळजी वाटते.

आधी सोनी. फेब्रुवारी 2025 मध्ये सोनीनं थांबवलं ते कोऱ्या, रेकॉर्ड करायच्या ब्लू-रेचं उत्पादन. सिनेमा छापून येणाऱ्या डिस्कचा त्याच्याशी संबंध नाही. नावाजलेले सिनेमे डिस्कवर काढणारी अमेरिकेतली क्रायटेरियन कंपनी आजही दर महिन्याच्या मध्याला पुढच्या डिस्कची यादी जाहीर करते. कुरोसावांचा ‘सेव्हन समुराय’ 2024 च्या नोव्हेंबरात 4के डिस्कवर, म्हणजे ब्लू-रेहूनही बारीक चित्राच्या डिस्कवर, आला.

‘सगळं ओटीटीवर आहे.’ करार संपेपर्यंत आहे. शिवाय जे आहे ते मूळचंच आहे, याचीही खात्री नाही. ‘द फ्रेंच कनेक्शन’ 1971 चा. 2023 मध्ये प्रेक्षकांच्या लक्षात आलं की स्ट्रीमिंगवर त्यातल्या एका प्रसंगाचा तुकडा गायब आहे. कुठे सूचना नाही, खुलासा नाही. तेही क्रायटेरियनच्याच स्ट्रीमिंग चॅनेलवर! ज्यांच्याकडे जुनी डिस्क होती, त्यांच्याकडे तो प्रसंग अख्खा होता.

‘चित्र तसंच दिसतं’ हे मात्र मला मुळीच पटत नाही. ब्लू-रेवर चित्राच्या माहितीसाठी सेकंदाला 40 मेगाबिटपर्यंत वाव असतो; माहिती जितकी जास्त, तितके बारकावे जास्त. ओटीटीवरचा एचडी सिनेमा साधारण पाचेक मेगाबिटमध्ये बसवतात. फरक कळतो तो अंधारात, पावसात, धुक्यात. ‘पथेर पांचाली’ घ्या. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळल्या. इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी त्या ठिसूळ फिती पुन्हा मऊ केल्या, वितळलेली चिकटपट्टी सोडवली, कडेची भोकं हातानं दुरुस्त केली. ‘पथेर पांचाली’चा सुमारे 40 टक्के भाग त्या जळक्या निगेटिव्हमधूनच परत मिळाला. पावसाआधी तळ्याच्या पाण्यावर सरसर पळणारे किडे आठवतात? डिस्कवर त्यांच्या पायांखालची बारीक वर्तुळं सुटी सुटी दिसतात. फोनवर तोच प्रसंग पाहिला, तेव्हा पाणी म्हणजे नुसता करडा पट्टा झाला होता. एवढ्या कष्टानं वाचवलेलं चित्र असं पाहायचं?

डिस्क खराब होतात, यात थोडं तथ्य आहे. वॉर्नरच्या 2006 ते 2008 च्या सुमारास छापलेल्या बऱ्याच डीव्हीडी सदोष निघाल्या. कंपनीनं 2025 मध्ये ते मान्य केलं. पण तो दोष त्या छपाईचा होता. माझ्याकडच्या त्याहून जुन्या डीव्हीडी अजून विनातक्रार चालतात. उभ्या ठेवा, कडेनं धरा, उन्हापासून लांब ठेवा, बास.

खरी अडचण मेसेजमध्ये आलेलीच नाही: रीजन, म्हणजे कुठली डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेयरवर चालेल याची विभागणी. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’मध्ये येतो, क्रायटेरियनच्या ब्लू-रे ‘ए’च्या. इथल्या साध्या प्लेयरवर त्या चालत नाहीत, हे मी पैसे घालवून शिकलो. 4के डिस्कना रीजनची भानगड नाही, म्हणून आता मी त्याच घेतो. न्यू जर्सीची मावसबहीण डिसेंबरात येतेय; तिच्या बॅगेत चार डिस्कची जागा आत्ताच मागून ठेवली आहे.