रंकाळ्यावर पळवून एडीएचडी जात नाही

अकरावीचे प्रवेश उरकले की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. आपल्या कोल्हापुरात तर तो चांगलाच मुरलाय. सार असं: दहावीला ९० टक्के पाडणाऱ्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा, चंचलपणाचा विकार, असूच शकत नाही. हा मोबाईलचा आणि लाडाचा आळस. गोळ्या म्हणजे व्यसन, पोरगं झोंबी होतं. पहाटे रंकाळ्यावर पळवा, भिजवलेले बदाम द्या, सुतासारखं सरळ होईल.

आधी मार्कांचं बघू. निदानाच्या निकषांत टक्केवारी कुठंच नाही. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून होती का, घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का आणि त्यानं रोजचं जगणं अडतंय का, हे बघतात. हुशार पोरांचं उशिरा कळतं, कारण दहावीपर्यंत डोक्यावर आणि आईवर निभावतं. ओळखीतली एक मुलगी इंटिग्रेशनचं अवघड गणित तोंडी सोडवते आणि त्याच पेपरात पान उलटायचं विसरून मागचे प्रश्न सोडून येते. तिचं फिजिक्सचं जर्नल मी बघितलंय. पहिले प्रयोग सुबक, आकृत्या पट्टीनं आखलेल्या. पुढं नुसती शीर्षकं, तारखासुद्धा नाहीत. सबमिशनच्या आदल्या रात्री आई शेजारी बसून वाचते, ही लिहिते. दहावीपर्यंत आईचं हे बसणं रोजचं होतं. मार्कशीटवर ते कुठं दिसणार?

आणि आळस? आळशी माणूस निवांत असतो, ही रडते. आवडीच्या कामात तासन्‌तास मान वर काढत नाही, म्हणून घरचे म्हणतात, "मनात आणलं तर होतंय की!" लक्ष कुठं लावायचं हेच हातात नसणं, हीच तर अडचण. जुळ्यांच्या अभ्यासांतून यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघतो. लेकाचं निदान ऐकताना एखाद्या बापाला स्वतःचीच शाळा आठवते, ती उगाच नव्हे.

गोळ्यांची भीती मात्र हवेतली नाही. एडीएचडीवर दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध आहे, अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली येतं आणि मित्राला 'परीक्षेपुरती एक' द्यायची ती चीज नाही. पण डॉक्टरांच्या देखरेखीत घेणाऱ्या मुलांत त्यापायी पुढं व्यसनं वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. उत्तेजक नको असेल तर अ‍ॅटोमोक्सेटिन असतं. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि पोराच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत नाहीत ना, यावर नजर ठेवावी लागते. खरा रोजचा त्रास भुकेचा आणि झोपेचा. रविवारी तांबडा-पांढरा समोर असून नातू दोन घासांत उठला की आजीचा जीव तुटतो. म्हणून नाश्ता आधी, गोळी मग, रात्री अंमल उतरला की पोटभर जेवण. वजन, उंची, रक्तदाबाची नोंद ठेवायची.

गोळी दिली की सुटलो, असंही नाही. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली आले. १४ महिन्यांत काटेकोर देखरेखीतल्या औषधानं नुसत्या वर्तन-उपचारापेक्षा लक्षणं जास्त कमी झाली. तीन वर्षांनी गटागटांतला फरक उरला नव्हता. हे मेसेजवाल्यांना माहीत असतं तर त्यांनी बदामांऐवजी हेच लिहिलं असतं.

बदाम खावेत, पळावंही. व्यायामानं झोप सुधारते, तेवढ्यानं जर्नल पूर्ण होत नाही.

त्या मेसेजमध्ये पोरांना विचारा, असं मात्र एकाही ओळीत नाही. १२ ते १८ वयोगटात औषध मुलाच्या संमतीनंच द्यावं, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पोरगी म्हणाली, "गोळी घेतली की मी गप्प होते, मैत्रिणी विचारतात काय झालं," तर ते ऐकायचं. झोंबी म्हणतात ते बहुतेकदा हेच, आणि डोस जास्त होत असल्याची ती खूण असू शकते. साध्या गोळीचा अंमल चारेक तासांत उतरतो, त्यामुळं डॉक्टरांना मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं, बंदही करता येतं. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जा नाहीतर खाजगीत, डॉक्टरांपुढं हे तिलाच बोलू द्या. आईनं तेवढा वेळ बाहेर बाकावर बसावं.