आमची गोधडी कुणी चोरलेली नाही

दिवाळीच्या आसपास तो संदेश हमखास फिरतो. अमेरिकेतल्या एखाद्या क्विल्टचा, म्हणजे तिथल्या तुकडे जोडून शिवलेल्या पांघरुणाचा फोटो, त्याखाली डॉलरमधली किंमत आणि ओळ: 'आजीची गोधडी यांनी उचलली, नाव बदललं आणि आता आपल्यालाच विकतायत.' लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, चोरी झाली. दुसरा म्हणतो, चोरी कसली, आपण फेकली आणि त्यांना किंमत कळली. मला दोघांचाही राग येतो, कारण क्विल्ट उलटून पाठ कोणीच पाहिलेली नसते. आणि खरं सांगायचं तर गोधडीचीही नाही.

गोधडीत जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरतात, वर ठिगळं मांडतात आणि धावदोरा सगळ्या थरांतून एकदमच जातो. तुकडे जोडणं आणि थर शिवणं हे एकच काम. क्विल्टमध्ये ही दोन वेगळी कामं आहेत. तुकडे आधी सुलट बाजू आत ठेवून एकमेकांना जोडायचे, टॉप म्हणजे वरचा थर पुरा करायचा, मग त्याखाली बॅटिंग (मधला मऊ थर) आणि अस्तर घालून तिन्ही थर टाक्यांनी बांधायचे. त्यामुळे तिथे सगळा जीव पाव इंचाच्या मायेत, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कडेत असतो.

लॉग कॅबिन नावाच्या नक्षीचा साधा ब्लॉक घ्या; असे सारखे चौकोन जोडून टॉप होतो. मधे अडीच इंचांचा चौकोन, बहुतेकदा लाल, चुलीतला विस्तव म्हणून. त्याभोवती दीड इंच रुंदीच्या पट्ट्या, दोन बाजूंना फिक्या आणि दोन बाजूंना गडद. तीन फेऱ्या, बारा पट्ट्या, आणि शिवणींत गेलेली माया वजा होऊन ब्लॉक साडेआठ इंच भरतो. माया प्रत्येक तुकड्यात फक्त सोळांश इंचाने जास्त गेली, तर दर शिवणीला अष्टमांश इंच गेला. आडव्या रांगेत सहा शिवणी येतात, म्हणजे पाऊण इंच गेला. सगळेच ब्लॉक सारखे आखडले तर निभावतं. पण एक साडेआठचा आणि शेजारचा पावणेआठचा निघाला, की कोपरे जुळत नाहीत आणि ताणून शिवलेला टॉप धुतल्यावर वाकडा होतो. म्हणून माया पाव इंचापेक्षा दोराभर कमीच धरतात. कापड दुमडताना तेवढी जागा घेतंच. इस्त्री फिरवायची नाही, उचलून दाबायची, कारण उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या कडा क्षणात लांबतात. बॉर्डरची पट्टी कडेला धरून नव्हे, टॉपच्या मध्यातून मोजून कापायची, नाहीतर चारी बाजूंनी झालर होते.

हेच ब्लॉक गडद-फिक्या बाजू फिरवून मांडले की कधी एकात एक बसलेले समभुज चौकोन येतात, त्या मांडणीला बार्न रेझिंग म्हणतात, कधी तिरप्या सऱ्या येतात, ती स्ट्रेट फरो. ब्लॉक तोच, फक्त फिरवलेला. ही रचना १८६० च्या दशकात पसरली. गोधडीत असं काही नाही आणि तिला त्याची गरजही नाही. तिची रचना टाक्यांत असते: कडेपासून सुरू होऊन आत आत जाणाऱ्या समांतर ओळी, बोटभर अंतराने. हूपवरची, म्हणजे गोल चौकटीत ताणलेली क्विल्ट मात्र मधून सुरू करून बाहेर नेतात, म्हणजे जास्तीचं कापड कडेला निघून जातं. गोधडीत ते आत ढकललं जातं, म्हणून आधी लांब टाके घालून थर टाचले नाहीत तर मधे फुगा राहतो. नवं कापड जुन्यात मिसळलं तर नवं आटतं आणि जुनं त्याच्या कडेने फाटतं. नायलॉनची साडी सरकत राहते. हे सगळं जिच्या हाताला माहीत होतं तिला 'पॅचवर्क करत होती' म्हणून मोकळं होणं मला सहन होत नाही.

चोरीचीच गोष्ट हवी असेल तर कापडाची आहे, आणि ती महाराष्ट्रातली नाही. कोरोमंडल किनाऱ्यावरचं, मछलीपट्टणसारख्या बंदरांतून गेलेलं रंगीत चीट युरोपात इतकं खपलं, की इंग्लंडने १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून ते अडवलं. अमेरिकेतल्या वसाहतींत ते पोचत राहिलं. तिथल्या बायकांनी त्यातली फुलं, पक्षी कापून पांढऱ्या कापडावर बसवले. त्या सुरुवातीच्या क्विल्ट चिंध्यांच्या नव्हत्याच. कापड महाग होतं आणि क्विल्ट खाऊनपिऊन सुखी घरात व्हायची. ठिगळांची गरीब वसाहतवाली बाई ही पुढे रंगवलेली प्रतिमा आहे. गिरण्यांचं छापील सुती कापड स्वस्त झालं, तेव्हा ब्लॉक घरोघरी गेले.

आता दुसऱ्या तटाला. 'त्यांना किंमत कळली' म्हणे. हॅरिएट पॉवर्स अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात गुलामीत जन्मली. तिने बायबलमधल्या प्रसंगांची क्विल्ट शिवली, १८८६ साली तिथल्याच अथेन्स गावच्या कापूस मेळ्यात मांडली. पुढे घरात तंगी आली तेव्हा दहा डॉलर मागून तिला पाच मिळाले. आज ती क्विल्ट स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अलाबामा राज्यातल्या जीज् बेंड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या बायका शेतावर झिजलेल्या डेनिमच्या, गुडघ्यावर फिकट पडलेल्या विजारी उसवून क्विल्ट करत. गोधडीच्या सर्वांत जवळची हीच. तिथेही ठिगळं जोडली जायची ती थंडीपायीच. न्यू यॉर्कच्या व्हिटनी कलासंग्रहालयाने १९७१ मध्ये क्विल्ट भिंतीवर टांगल्या, पण जीज् बेंडला तिथे पोचायला २००२ उजाडलं.

मग अमेरिकेने वेगळं काय केलं? नोंद केली. १९८१ साली केंटकीत लोकांना घरातल्या क्विल्ट आणायला सांगितल्या, फोटो घेतले, कुणी शिवली, कधी, कुठे ते लिहून घेतलं. मग राज्यामागून राज्यं करत गेली. मी राहणार अमेरिकेत; इथे काउंटी फेअरला, म्हणजे जिल्ह्याच्या जत्रेत, पहिल्या नंबराची निळी रिबन मिळालेल्या क्विल्टच्या मागेही बऱ्याचदा नाव असतं. सातारा, सोलापूरच्या किती गोधड्यांबद्दल आपण एवढं सांगू शकतो?

दंतकथा इथल्यांनाही लागतात. पळून जाणाऱ्या गुलामांना क्विल्टच्या नक्ष्यांतून गुप्त खुणा दिल्या जात, ही गोष्ट शाळाशाळांत सांगितली जाते. इतिहासकारांना पुरावा सापडलेला नाही. मी ती खोडत बसत नाही. ज्याला इथली जमीन आपली म्हणायची आहे त्याला अशी गोष्ट लागते, हे मला कळतं, कारण 'हे मूळचं आमचं' हे वाक्य मलाही हवंच होतं. ते खरं असतं तर या देशात उपरं वाटायचं कारणच उरलं नसतं. म्हणूनच तो संदेश आला की इतका त्रास होतो.

ज्यांच्याकडे गोधडी आहे त्यांनी चार बाय सहा इंचांचा मांजरपाटाचा तुकडा घ्यावा. आधी धुऊन घ्यावा, खळ राहिली तर शाई वर तरंगते. न पुसणाऱ्या पेनाने लिहावं, वरून गरम इस्त्री दाबावी, कडा पाव इंच दुमडून मागच्या कोपऱ्यात हेम घालावी, टाका फक्त खालच्या थरातून. लिहायचं ते एवढंच: नाव, गाव, साल. माझ्याकडच्या गोधडीवर त्यातलं फक्त गाव लिहिता आलं.