बर्डीवर पुतळा झालेली पोरगी

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला आठवडाभर एकच विषय चघळणं चालू आहे, माझी भाची. रविवारी संध्याकाळी नागपुरात बर्डीच्या मेन रोडवर, ऐन गर्दीत, ती आणि तिच्या कॉलेजची काही पोरंपोरी ठरल्या वेळी एकदम जागच्या जागी थिजून उभी राहिली. कुणी बुटाची नाडी बांधता बांधता, कुणी खिशातून पाकीट काढता काढता. पाच मिनिटांनी जशी थांबली तशीच पुन्हा चालू लागली. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत काकाजींच्या मोबाइलवर पोहोचला. काकाजींनी तो ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, "चांगल्या घरच्या पोरीला हे शोभते का?"

मग काय, सगळेच तुटून पडले. "काम ना धंदा." "रीलसाठी काहीही करून राहिले आजकाल." "हे अमेरिकेचं फ्याड आहे." एका मावसभावानं तर पोलिसांत तक्रार करायला पाहिजे असं सुचवलं. हाच मावसभाऊ वरातीत भर रस्त्यात, मागे बस अडकलेली असताना, तोंडात रुमाल धरून नागीण डान्स करतो. तेव्हा रहदारीला अडथळा होत नसावा. मी इकडे न्यूयॉर्कला जाणाऱ्या पाथ या लोकल गाडीच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या हे सगळं वाचतो आणि ऑफिसात पोहोचेपर्यंत डोकं तापलेलं राहतं.

एकदा न राहवून लिहिलं, "यात वाईट काय आहे?" लगेच उत्तर आलं, "तू तिकडे राहतो, तुले सगळंच चांगलं वाटते." या वाक्यापुढे आम्हा बाहेरच्यांचं तोंड कायमचं बंद होतं. म्हणून ग्रुप सोडून इथे लिहितो आहे.

व्हिडिओ मी नीट पाहिला आहे. भाची गुपचूपवाल्याच्या, म्हणजे पाणीपुरीवाल्याच्या, गाड्यापाशी उभी आहे. डाव्या हातात द्रोण, उजव्या हातातली गुपचूप ओठांपासून बोटभर लांब, तोंड उघडं. आंबट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं आहे आणि ही ढिम्म. गुपचूपवाला सवयीनं पुढची भरतो, धरून राहतो, मग तिच्या डोळ्यांसमोर हात हलवून बघतो. शेजारी क्लिपा आणि सेफ्टीपिना विकणारी बाई म्हणते, "काय झालं वं हिले?" आणि दोघंही हसायला लागतात. कुणाला धक्का लागला नाही, कुणाची फजिती झाली नाही. यूट्यूबवर भाजीवाल्याला चिडवून त्याचा रडवेला चेहरा दाखवणारे प्रँक असतात, त्यांच्याविषयी काकाजींनी लिहिलं असतं तर मी पहिला अंगठा दिला असता. इथे हसं झालं असेल तर ते उभं राहणाऱ्यांचंच.

आणि ही पोरगी कोण? पाहुणे आले की स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं गच्चीवर पळणारी. व्हिडिओ कॉलवर "कशी आहेस"ला "बरी" म्हणून फोन आजीच्या हातात कोंबणारी. ताईनं तिला उन्हाळ्यात व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात घातलं होतं. तिथून ती प्रमाणपत्र घेऊन आली आणि ते दाखवायलाही लाजली.

अमेरिकेचं फ्याड, हे मान्य. न्यूयॉर्कमध्ये चार्ली टॉड नावाच्या माणसानं २००१ साली 'इम्प्रोव्ह एव्हरीव्हेअर' नावाची टोळी सुरू केली. २००८ मध्ये त्यांची दोनशेहून जास्त माणसं ग्रँड सेंट्रल स्टेशनात अशीच पाच मिनिटं पुतळे होऊन उभी राहिली. भाचीच्या कंपूनं तिथूनच उचललं असणार. पण राजेहो, अमेरिकेचं म्हणून नाक मुरडायचं तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काय चालतं? इडापीडा घालवायला मिरवून जाळायचे बाईचे पुतळे, म्हणजे मारबती: काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबतच्या बडग्यांच्या, म्हणजे पुरुषी पुतळ्यांच्या, गळ्यात महागाईपासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांच्या नावाच्या पाट्या, आणि हजारो माणसं घसा फाटेस्तोवर "घेऊन जा गे मारबत" ओरडतात. भर रस्त्यात सगळ्यांनी मिळून वेड पांघरण्यात नागपूर न्यूयॉर्कच्या शंभर वर्षं पुढे आहे. काकाजी स्वतः आम्हाला खांद्यावर बसवून तिकडे न्यायचे. गर्दीत ओरडायला लाज वाटत नाही म्हणून तर माणसं जातात ना तिथे?

आणखी एक गंमत. काकाजींच्या कपाटात मानसोपचारावर लिहिणाऱ्या कि. मो. फडक्यांची पुस्तकं आहेत, पेन्सिलीनं खुणा केलेली. फडक्यांनी मराठीत आणलेला तो मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस न्यूयॉर्कचाच. स्वतः इतका लाजाळू की एकोणिसाव्या वर्षी त्यानं ठरवून ब्रॉन्क्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर बसलेल्या शंभरावर अनोळखी बायकांशी एका महिन्यात बोलणं काढलं. भेटायचं कबूल केलं एकीनं, आणि तीही आली नाही. पण भीती गेली. पुढे हा माणूस आपल्या रुग्णांना सांगायचा, केळ्याला दोरी बांधा आणि कुत्र्यासारखं रस्त्यानं फिरवून आणा. सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत, स्टेशनांची नावं मोठ्यानं पुकारा. कुणाला त्रास द्यायचा नाही, फक्त लोकांना आपल्याकडे बघू द्यायचं आणि आभाळ कोसळतं का ते तपासायचं. काकाजी, केळं चालतं तर गुपचूप का नाही?

आता थोडं माझं. त्या 'इम्प्रोव्ह एव्हरीव्हेअर' टोळीचा जानेवारीतला एक उद्योग होता. २००२ मध्ये सात जणांनी सुरू केला, पुढे हजारोंनी केला. ऐन थंडीत सबवेत चढायचं, पँट काढायची, घडी करून बॅगेत ठेवायची आणि पेपर वाचत बसायचं. कुणी विचारलं तर विसरलो म्हणायचं. एकमेकांना ओळख दाखवायची नाही, हसायचं नाही. २००६ मध्ये पोलिसांनी आठ जणांना हातकड्या घातल्या होत्या. कोर्टानं आरोप फेटाळले, कारण चड्डीवर फिरणं हा तिथे गुन्हाच नाही. (आपल्याकडे मे महिन्यात पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर दूध आणायला जाणाऱ्यांना कुणी अडवतं का? आणि ज्या संघाचं मुख्यालय नागपुरात आहे, त्यानं २०१६ च्या विजयादशमीपर्यंत हाफ पँट घातलीच की.)

कोविडच्या आधीच्या एका जानेवारीत मीही गेलो. घरी कुणाला माहीत नाही. जो माणूस पंगतीत वाढपी परत बोलावता येत नाही म्हणून अर्धपोटी उठायचा, तो मी. बेल्ट सोडताना बोटं थरथरत होती, पँटचा एक पाय बुटात अडकला आणि मी खांबाला धरून लंगडी घालत होतो. समोर एक म्हातारी चिनी बाई बसली होती, पायाशी भाजीच्या लाल पिशव्या. तिनं माझ्या गुडघ्यांकडे एकदा पाहिलं आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून पिशव्या बाजूला सरकवल्या. बस्स. युनियन स्क्वेअरला उतरलो तेव्हा मला वाटलं, मी सुटलो. आयुष्यभराची लाज त्या गाडीत राहिली.

ती राहिली नव्हती, हे पुढच्या नागपूर वारीत कळलं. धरमपेठेत चहा प्यायला थांबलो तर टपरीवरचा माणूस म्हणाला, "तुम्ही सरांचे चिरंजीव ना?" आणि मी पुन्हा जसाच्या तसा. मान खाली, आवाज घशात. बाबांनी अर्ध्या धरमपेठेला गणित शिकवलं आहे. त्या शहरात मी जे काही करतो ते सरांचा मुलगा करतो. सबवेत मला कुणी सरांचा मुलगा म्हणणारं नव्हतं. तिथे जे धाडस वाटलं ते फुकटचं होतं. ती बाई घरी जाऊन बाबांना थोडीच सांगणार होती?

भाचीनं हे बर्डीवर केलं, जिथे समोरच्या दुकानदाराकडून ताईनं लग्नाचे शालू घेतले होते, जिथे कुणीही आजोबांचा विद्यार्थी निघू शकतो, आणि निघालाच, म्हणून तर व्हिडिओ काकाजींपर्यंत गेला. मी इतकी वर्षं बाहेर आहे ते पगारासाठी, असं सगळ्यांना सांगतो. ते खरंही आहे. पण जिथे कुणी ओळखत नाही तिथे मला श्वास घेता येतो, हे त्याहून जुनं कारण आहे. त्याची किंमतही चुकती करतो. इथे मी मेलो काय नि जगलो काय, पिशव्या तेवढ्या बाजूला सरकतील. ग्रुपवर भाचीवर चिडणाऱ्यांचा मला हेवा वाटतो तो यामुळे. त्यांना फरक तरी पडतो.

हा लेख फिरत फिरत ग्रुपवर जाईलच. बाबांना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा ताई, तू वाचून दाखवशील. पँटचा भाग गाळू नको.