शेजारची खुर्ची

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या स्टँडमागे एक जुनं टेबल आहे. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी साडेबारा ते तीन तिथे दोन-दोन मुलं बसलेली दिसतात. समोरासमोर नाही, शेजारी शेजारी. एक जण आपण लिहिलेलं हळू आवाजात वाचत असतो, दुसरा ऐकत असतो. तीन वाजले की उठतात, कारण सव्वातीनची एसटी चुकली तर पुढची थेट साडेपाचला.

या टेबलाबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. गेल्या आठवड्यात एका फॉर्ममध्ये "उपक्रमाची फलनिष्पत्ती एका ओळीत द्या" असं आलं. रकाना मी कोरा ठेवला. एका ओळीत मावत नाही म्हणून इथे लिहिते आहे.

मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवते, अठरा वर्षं झाली. आमच्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं घरी अहिराणी बोलतात. काही पावरी ही आदिवासी बोली बोलतात, तांड्यावरून येणारी बंजारा मुलं गोरमाटी. शाळेत त्यांनी मराठी शिकलेली असते, ती गाइडातली. त्यांना लिहायला सांगितलं की कागदावर जे उतरतं ते त्यांचं नसतंच मुळी. दुसऱ्या वर्षाला पर्यावरणाचा प्रकल्प असतो. तो गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, मुखपृष्ठ आणि स्पायरल बाइंडिंगसकट. एका वर्षी एकाच गठ्ठ्यात सतरा जणांची प्रस्तावना शब्दशः सारखी होती. मी सतराही जणांना मार्क दिले. नापास कुणाला करणार, आणि करून काय साधणार, असा विचार केला होता. तो विचार चुकीचा होता. मार्कांचा प्रश्न पुढचा होता. त्या सतरापैकी एकाशीही मी पाच मिनिटं त्याच्या प्रकल्पाबद्दल बोलले नव्हते.

आमच्याकडे रेमेडियलचे तासही होते. मागे पडलेल्या मुलांची यादी फलकावर लागायची, आणि ज्यांची नावं तिच्यात असायची ती मुलं बरोबर त्या तासाला कँटीनमागे. वाटायचं, पोरांना गरजच नाही. मग एकदा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, त्या वर्गात शिरताना सगळे बघतात ना." या एका वाक्याने माझे डोळे उघडले.

माझी भाची अमेरिकेत एमएस करते आणि तिथल्या विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरमध्ये, म्हणजे मुलांना लिखाणात मदत करणाऱ्या केंद्रात, ट्यूटर म्हणून काम करते. सांगलीची मुलगी, इंग्रजी माध्यमातलीही नाही, आणि अमेरिकन पोरं तिच्याशेजारी बसून आपले निबंध वाचतात, हे ऐकून मी चाटच पडले. तिने मला या कामाचा इतिहास सांगितला, मग मी शोधून वाचत गेले. आणि वाचताना सारखं वाटत राहिलं की हे तर आपल्याच तालुक्याबद्दल आहे.

१९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात काळ्या आणि प्वेर्तो रिकन विद्यार्थ्यांनी आंदोलन करून कॉलेज बंद पाडलं. १९७० पासून त्या शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने हायस्कूल पास झालेल्या शहरातल्या प्रत्येकाला प्रवेश खुला केला. घरात ज्यांच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, अशी मुलं हजारोंनी आली. लिहिण्यात अडकली. कॉलेजांनी मदतीला तज्ज्ञ बसवले, आणि मुलं तिकडे फिरकेनात. ब्रुकलिन कॉलेजातले केनेथ ब्रफी हे प्राध्यापक याला आळस म्हणून मोकळे झाले नाहीत. मुलांना ती मदत म्हणजे वर्गाचंच शेपूट वाटतंय, हे त्यांनी ओळखलं. मग त्यांनी मदतीच्या खुर्चीत विद्यार्थ्यांनाच बसवलं. मुलं येऊ लागली.

आमच्या कँटीनमागच्या पोरांचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच कुणीतरी शोधून ठेवलं होतं.

मुलांनीच मुलांना लिहिताना सोबत करायची, अशी आम्हीही तीन वर्षांपूर्वी ग्रंथालयातल्या त्या टेबलावर सुरुवात केली. पहिलं सत्र साफ फसलं, आणि ते माझ्यामुळे. मी वर्गातले पहिले पाच नंबर निवडले. त्यांनी माझ्यासारखंच केलं. लाल पेन घेतलं, गोल केले, व्याख्यान दिलं. एकदा आलेला मुलगा परत आला नाही. दुसऱ्या सत्रात मी मार्क बघणं सोडलं आणि ऐकता कुणाला येतं ते बघितलं. त्यात एक मुलगा होता, पहिल्या वर्षाला दोन विषयांत एटीकेटी लागलेला. कुणाचं बोलणं मध्ये तोडत नाही, एवढाच त्याचा गुण मला माहीत होता. पाटीही बदलली. "मार्गदर्शन केंद्र" काढून "लिहिताना सोबत" असं लिहिलं.

त्या एटीकेटीवाल्या मुलाकडे एक मुलगी आली, तेव्हा मी दोन टेबलं सोडून वह्या तपासत होते. तिच्या हातात तोच झेरॉक्सचा प्रकल्प, "जलप्रदूषण : कारणे व उपाय". तो म्हणाला, वाच. ती वाचू लागली, "मानवाच्या अनियंत्रित हस्तक्षेपामुळे," आणि "अनियंत्रित"ला अडखळली. त्याने अर्थ विचारला. ती गप्प. मग त्याने ते बाइंडिंग मिटून बाजूला ठेवलं आणि अहिराणीत विचारलं, "तुमना गावमा कितल्या विहिरी शेतस?"

अकरा, ती म्हणाली. पाणी कितींना? चार. त्यातली एक तिच्या चुलत्याची, दगडी पायऱ्यांची. आणि मग ती बोलतच सुटली. होळीला त्या विहिरीच्या सात पायऱ्या उघड्या पडतात, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सतरा. आजी दरवर्षी मोजते. यंदा होळीलाच अकरा दिसल्या, म्हणून चुलत्याने केळी लावायचं रद्द केलं.

तो म्हणाला, "हेच लिही."

ती म्हणाली, "हे चालतं प्रकल्पात?"

हा प्रश्न माझ्या कानात अजून आहे. चौदा वर्षं शाळा-कॉलेजात काढलेल्या मुलीला आपल्या आजीचं मोजमाप कागदावर चालतं का, हे विचारावं लागतं. आजीने पायऱ्या मोजल्या, म्हणजे तिने वर्षानुवर्षं भूजलाची नोंदच ठेवली. तो प्रकल्प शेवटी नऊ पानांचा झाला, हाताने लिहिलेला, अकरा विहिरींचा नकाशा आणि पायऱ्यांचा तक्ता असलेला. मी अठरा वर्षांत तपासलेला तो सगळ्यात चांगला पर्यावरण प्रकल्प आहे, आणि त्यात माझा हात काडीचाही नाही.

हे मला जमलं नसतं, हे मी अगदी मनापासून सांगते. मी शेजारी बसले असते तरी तिच्यासाठी मी मार्क देणारीच राहिले असते. मला काय हवंय याचा अंदाज घेत ती बोलली असती. तो तिच्याच एसटीने येतो.

आता शुद्धलेखनाचं. त्या नऊ पानांत "पानी" होतं, "आनि" होतं, आणि एका ठिकाणी "आमच्या मयात" होतं. पूर्वी मी "मया"ला डोळे झाकून गोल केला असता. त्या मुलाने काय केलं? वहीच्या शेवटच्या पानावर तिच्याकडूनच दोन रांगा लिहून घेतल्या. एकीत घरचे शब्द, मया, डोया, शाया, केयी. दुसरीत वहीतले, मळा, डोळा, शाळा, केळी. तिला म्हणाला, आपल्या जिभेवर इथे य येतो, प्रमाण मराठीत तिथे ळ आहे, कानाने कळणार नाही, डोळ्याने लक्षात ठेव. तिची एक चूक वाटत होती, तो एक नियम निघाला. अहिराणी तिची घरची भाषा आहे, तिच्यात दोष काही नाही, हेही न बोलता सांगून झालं.

न्यूयॉर्कच्या त्याच सिटी कॉलेजात माइना शॉनेसी नावाच्या बाई होत्या. प्रवेशाच्या वेळी मुलांनी लिहिलेले सुमारे ४,००० निबंध त्यांनी वाचून काढले आणि १९७७ मध्ये मांडलं की या चुका वाटेल तशा झालेल्या नाहीत, त्यांच्यामागे तर्क आहे. आमच्या मुलाने त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्याला तर्क दिसला, कारण दोन वर्षांपूर्वी तो स्वतः "शाया" लिहीत होता.

आमच्या टेबलाचे नियम तीनच आहेत. बसायचं शेजारी. लिहिणाऱ्याने मोठ्याने वाचायचं. आणि पेन लिहिणाऱ्याच्याच हातात राहणार. हे आमच्या डोक्यातून आलेलं नाही, जेफ ब्रूक्स यांनी १९९१ मध्ये ट्यूटरांसाठी जवळपास हेच लिहून ठेवलं आहे. तिसरा नियम मात्र आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. आमच्या एका ट्यूटर मुलीने मैत्रिणीचं वक्तृत्व स्पर्धेचं भाषण जीव ओतून स्वतःच लिहून दिलं. भाषण सुंदर झालं. परीक्षकांनी त्यावर एकच प्रश्न विचारला आणि मैत्रीण स्टेजवर उभी राहिली ती उभीच. खाली उतरून दोघी रडल्या. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मदत करणं म्हणजे करून देणं, असंच आपण घराघरांत शिकवतो.

तरी पेनचा नियम मी आंधळेपणाने लावत नाही. नुसतं "तुला काय वाटतं?" विचारत बसायचं आणि माहीत असलेली गोष्ट सांगायची नाही, हे ज्याच्या घरात पुस्तकच नाही त्याच्यावर अन्याय करणारं आहे. ळ कुठे येतो ते सरळ सांगावं. अर्जात विषय कुठे लिहायचा, संदर्भ कसा द्यायचा, हे सरळ दाखवावं. काय सांगायचं आहे, ते मात्र त्याचं त्याने शोधावं. अमेरिकेतही यावर बरीच भांडणं झाली आहेत आणि मला ती भांडणं योग्य वाटतात.

मला सारखं विचारलं जातं की आता मोबाइलवर चॅटजीपीटी दोन मिनिटांत निबंध देतो, मग हा खटाटोप कशाला? मुलं ते वापरतात, मला माहीत आहे, आणि टेबलावर घेऊनही येतात. आम्ही हाकलत नाही. मोठ्याने वाचायला सांगतो. चौथ्या-पाचव्या ओळीला मूल स्वतःच थांबतं आणि म्हणतं, हे मी असं बोलत नाही. तिथून पुढे काम सुरू होतं. झेरॉक्सच्या दुकानाची जागा फोनने घेतली, एवढाच बदल मला दिसतो. आजीच्या पायऱ्या त्या दुकानात नव्हत्या आणि तिने सांगितल्याशिवाय फोनमध्येही येणार नाहीत.

आणि ट्यूटरचं काय होतं, हे कुणी विचारतच नाही. तो एटीकेटीवाला मुलगा मला एकदा म्हणाला, "मॅडम, दुसऱ्याचं ऐकताना माझं कुठं सुटतं ते दिसतं." तिसऱ्या वर्षाच्या त्याच्या उत्तरपत्रिका मी बघितल्या आहेत. पूर्वी तो एक मुद्दा सुरू करून दुसऱ्यावर उडी मारायचा. आता मुद्दा धरून ठेवतो. ब्रफींनीही तेव्हा हेच पाहिलं होतं, शिकवणाऱ्या मुलांचं स्वतःचं लिखाण सुधारतं.

माझी तक्रार आहे ती इथे. या मुलांना कामाचा मोबदला मिळत नाही. अमेरिकेत माझ्या भाचीला तासाचे पैसे मिळतात. आपल्याकडे पैसे देण्याची वाट नाही असं नाही, उलट आपली वाट चांगली जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून श्रम करून शिकणं ही महाराष्ट्राची ओळख आहे. आज कॉलेजांत कमवा व शिका योजना आहे. मुलं बागेत काम करतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात, ऑफिसात नोंदी करतात आणि तासांप्रमाणे पैसे घेतात. मी ट्यूटरांची नावं त्यात पाठवली. परत आली. शेरा होता, "कामाचे स्वरूप स्पष्ट नाही." समक्ष गेले तर उत्तर मिळालं, बाई, बोलण्याचे पैसे कसे दाखवायचे? त्या माणसाचा माझ्यावर राग नव्हता. त्याच्या रकान्यात खरंच बसत नव्हतं. पण पुस्तकावरची धूळ पुसणं हे काम, आणि त्या पुस्तकावर धड चार ओळी लिहिता याव्यात म्हणून शेजारी बसणं हे काम नाही, हे मी मान्य करणार नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात एनएसएस, एनसीसी, खेळ यांना सहअभ्यासक्रमाची क्रेडिट्स आहेत. यालाही द्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये पेढे वाटले, मला खरंच भरून आलं होतं. त्याच मराठीत बापाच्या पीकविम्याचा अर्ज लिहिताना आमचा विद्यार्थी घामाघूम होतो. मराठीसाठी जे काही करायचं ठरेल, त्यात प्रत्येक तालुक्याच्या कॉलेजात असं एक टेबल आणि चार मुलांचा पगार बसवा, एवढं माझं मागणं आहे.

तो मुलगा यंदा पास होऊन गेला. त्याच्या खुर्चीत आता विहिरीवाली मुलगी बसते. परवा पहिल्या वर्षाचा एक पोरगा हॉस्टेलचा अर्ज घेऊन आला, सुरुवातच "माननीय महोदय" पाच वेळा खोडलेली. तिने त्याला विचारलं, "तू घरून निघतोस किती वाजता?" तो म्हणाला, पहाटे पावणेपाचला.

"मग तिथून सुरू कर."

जूनमध्ये कमवा व शिकाचा नवा हजेरीपट उघडेल. कामाचे स्वरूप या रकान्यात मी "लेखन-सोबत, आठवड्याला पाच तास" असं लिहून चार नावं पुन्हा पाठवणार आहे. विहिरींचा तो तक्ताही झेरॉक्स काढून सोबत जोडणार आहे.