फाइल उघडली म्हणून मूल परत जात नाही

माझी पुतणी दत्तक आहे, आणि हे तिला लहानपणापासून माहीत आहे. यंदा अठरा पूर्ण झाल्यावर तिने आपल्या जन्माची फाइल बघायची म्हणून घरात सरळ सांगितलं. दादा-वहिनी तयार होते. तेवढ्यात वहिनीच्या भिशीच्या ग्रुपवर ‘दत्तक पालकांनो, सावधान’ हा फॉरवर्ड आला आणि तिची झोप उडाली. त्यातले दावे असे: नव्या कायद्याने कुणालाही जन्मदात्या आईचं नाव-पत्ता मिळतो, नाव कळलं की ती बाई मूल परत मागू शकते, तुमच्या घरादारात तिचा वाटा लागतो, आणि शोध घेणारं मूल कृतघ्न असतं.

मूल परत मागण्याचा दावा सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 मधलं कलम 15 वाचा. रीतसर झालेलं दत्तक ना दत्तक आईबाप रद्द करू शकतात, ना दुसरं कुणी. एवढंच काय, मुलाने स्वतः ठरवलं तरी त्याला ते नातं झुगारून जन्माच्या कुटुंबात परत जाता येत नाही. संस्थेतून घेतलेल्या मुलांसाठी बाल न्याय अधिनियम, 2015 चं कलम 63 आहे. दत्तकाचा आदेश लागू झाला की मूल सर्व अर्थांनी, वारसाहक्कासकट, दत्तक आईबापांचं होतं आणि जन्मकुटुंबाशी असलेलं कायदेशीर नातं तुटतं. उद्या पुतणीने जन्मदात्या आईचं नाव शोधलं, तिला भेटली, चार दिवस तिच्याकडे राहून आली, तरी कायद्यात तसूभरही फरक पडत नाही. वाट्याचा प्रश्नही इथेच मिटतो. दत्तकाआधी मुलाच्या नावावर काही मिळकत झालेली असेल, तर ती मुलाचीच राहते. जन्मदात्यांना त्यातून दत्तक घरावर हक्क मिळत नाही.

या भीतीला अर्धं कारण आहे, ते मान्य करतो. मूल सोपवलेल्या आईला फेरविचारासाठी मुदत असते. पण ती 60 दिवसांची, आणि मूल दत्तकासाठी मोकळं घोषित होण्यापूर्वीची. अठरा वर्षांनंतरची नव्हे.

‘नवा कायदा, कुणालाही माहिती’ हेही खोटं. मुळांचा शोध घेण्याची तरतूद 2017 च्या दत्तक विनियमांत होती, 2022 च्या विनियमांतही आहे. अठरा पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः ‘कारा’कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, अर्ज करते, त्याहून लहान मुलाने पालकांसोबत करायचा. तिऱ्हाइताला परवानगीच नाही. सोपवताना आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर आधी तिची संमती घ्यावी लागते. ती नाही म्हणाली किंवा सापडलीच नाही, तर मुलाला सोपवण्यामागची कारणं आणि परिस्थिती सांगायची, नाव नाही. ज्या बाईने लपूनछपून बाळंतपण काढलं आणि पुढे संसार थाटला, तिची भीती खरी आहे. म्हणूनच मुलाच्या हक्काने तिच्या खासगीपणाला धक्का लागू नये, असं नियमातच लिहिलंय. मला हा तोल योग्य वाटतो.

आणि फाइलमध्ये असतं तरी काय? दाखल झाल्याची तारीख, वजन, वैद्यकीय तपासणीचा कागद, बालकल्याण समितीचा आदेश, आईने स्वतः सोपवलं असेल तर तिचं समर्पणपत्र. टाकून दिलेल्या बाळाच्या फाइलमध्ये बहुधा आईचं नावच नसतं. तिथे हाती फार लागणार नाही, हे मुलांना आधीच सांगायला हवं.

राहिला कृतघ्नपणा. हा शब्द वाचून मला खरोखर चीड आली. 1956 च्या त्याच कायद्याचं कलम 12 सांगतं की जन्मकुटुंबात राहिला असता तर ज्या व्यक्तीशी लग्न करता आलं नसतं, तिच्याशी दत्तकानंतरही करता येत नाही. म्हणजे रक्ताच्या नात्याचं बंधन कायदा जन्मभर पाळायला लावतो, आणि ते नातं कुठलं हे विचारणारी मुलगी मात्र तुमच्या लेखी कृतघ्न! डॉक्टर विचारतात, घरात कुणाला मधुमेह, कुणाला थायरॉइड? दरवेळी ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या मुलीने उत्तर शोधलं, तर त्यात दादा-वहिनीचं प्रेम कमी कुठे झालं?

ज्यांनी हा मजकूर पुढे ढकलला, त्यांनी त्याच ग्रुपवर आज कलम 15 टाकावं.