काडतुसांची आगोट

पावसाळा तोंडावर आला की लोक सुकी मासळी, कांदे भरतात. आमचे अण्णा काडतुसं भरतात! बंदुकीच्या परवान्यावरचा काडतुसांचा आकडा काठोकाठ, एक कमी चालायचं नाही. उडवणार कधी? वानरांनी शहाळी फोडून अंगणात फेकली, निदान हवेत बार तरी काढा! तर म्हणे, "जपून वापरूया." कशासाठी जपताय, नातवाच्या मुंजीसाठी? अहो, मिरगानंतर इथे पापड नरम पडतात, काडतुसातली दारू कोरडी राहील? काल डबा उघडला. पितळी बुडांना हिरवा कळंक, कागदी नळ्या फुगलेल्या, बाराबोर बंदुकीत शिरेनात. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा, आणि हे घरात डब्याची राखण करत! वर आता विचारतात, "परवान्यावरचा आकडा वाढवून मिळेल काय रे?"