बेडकुळी, दार आणि जीभ: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार. स्नायूंवरच्या माझ्या लेखात एकीकडे ‘स्नायू आखडतो’ आणि दुसरीकडे ‘फुगतो’ असं वाचून पाचवीतल्या तुमच्या लेकीचा गोंधळ झाला, असं तुम्ही लिहिलंत. ‘स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही’ हे तर तुम्हाला साफ चूक वाटलं. ती रोज दार ढकलते, जीभ बाहेर काढते, ते कसं मग? ‘स्नायू रबरासारखा आखडतो’ हे उदाहरणही तुम्हाला पटलं नाही.

रबराचं मान्य. ताणलेलं रबर सोडलं की आपोआप मागे येतं, स्नायूला आखडायला ऊर्जा खर्चावी लागते. ते वाक्य आजच काढतो.

ओढण्याचं मात्र मागे घेणार नाही. लेकीला टेबलाशी बसवा. तळहात खालून लावून टेबल उचलायला सांगा आणि तिचा दंड चाचपा. पुढची बाजू टणक लागेल. आता तळहात वर ठेवून टेबल खाली दाबू दे. पुढची बाजू सैल पडते, मागची घट्ट होते. हा मागचा स्नायू कोपराच्या मागच्या टोकाला जोडलेला असतो. तो ते टोक वर ओढतो, म्हणून हात कोपरात सरळ होतो आणि तळहात पुढे जातो. दार ढकलतानाही हेच. ढकलतो तो हात, स्नायू ओढतच असतो.

आखडणं आणि फुगणं, दोन्ही खरं आहे. पूर्वी समज होता की मेंदूकडून काहीतरी स्नायूत शिरतं आणि तो फुगतो. सतराव्या शतकात यान स्वामरडाम या डच शास्त्रज्ञाने बेडकाचा स्नायू काचेच्या नळीत बंद केला आणि नळीच्या बारीक टोकात पाण्याचा थेंब ठेवला. स्नायू आखडला, पण थेंब काही वर सरकला नाही. म्हणजे आत नवीन काहीच आलं नव्हतं, लांबी घटली तेवढी जाडी वाढली होती. दंडावर येणाऱ्या फुगवट्याला आपण बेडकुळी म्हणतो, म्हणजे छोटा बेडूकच, म्हणून हा प्रयोग मला फार आवडतो.

आत नेमकं काय होतं ते 1954 साली दोन गटांनी एकाच सुमारास मांडलं. दोन्ही हातांची बोटं समोरासमोर धरून एकमेकांत सरकवा. बोटं तेवढीच राहतात, तळहात मात्र जवळ येतात. स्नायूतले तंतू असेच एकमेकांवर सरकतात.

आणि जिभेचा प्रश्न! तो लेखात यायलाच हवा होता. हनुवटीच्या आतल्या बाजूने निघणारा एक स्नायू जिभेचं मूळ पुढे ओढतो. त्याच वेळी जिभेतले आडवे तंतू तिला दोन्ही बाजूंनी आवळतात. पाण्याने भरलेली पिशवी मधे दाबली की लांब होते, तशी जीभ अरुंद होऊन लांबते. तिथेही सगळे ओढतच असतात. तुमच्या लेकीला सांगा, लेखात हा भाग तिच्या प्रश्नामुळे वाढवतोय.